"रिव्हर्स कसा पकडतो?": अंबड लिंक रोडच्या गिअरबॉक्सवाल्या चाचांचा अनुभव

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे. पोर्च रस्त्यापेक्षा चांगला दोन फूट उंच, आणि बांधणाऱ्याने उतार असा ठेवलाय की दूधवालाही सायकल हातात धरून वर येतो. सकाळी माल भरून सरळ बाहेर पडता यावं म्हणून मी रोज संध्याकाळी गाडी रिव्हर्सने वर चढवतो. त्या दिवशी दिंडोरीहून आलो, आर टाकला, पाय दिला. इंजिन ओरडलं, काटा अडीच हजारावर गेला आणि गाडी जागची हलली नाही. मग एक गचका, अर्धा फूट वर. पुन्हा नुसती ओरड. शेजारचे काका बाल्कनीतून म्हणाले, "क्लच गेला वाटतं." मी म्हणालो, "काका, हिला क्लच नसतो, ऑटोमॅटिक आहे."

हे वाक्य किती अडाणीपणाचं होतं ते पुढच्या दीड महिन्यात कळलं. हिला एक सोडून पाच आहेत.

आणि वैताग याचा की गिअरबॉक्स ओव्हरहॉल होऊन त्या दिवशी फक्त अठरा दिवस झाले होते. ८५,००० रुपये मोजून.

गाडी २०१६ ची, डिझेल, सहा स्पीडची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. माझा धंदा ठिबकचा. लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) बंडलं टपावर, फिल्टर आणि फिटिंगची पोती मागे, असं घेऊन दिंडोरी, वणी, कळवण, पिंपळगाव हा माझा रोजचा राबता. १,१८,००० किलोमीटर झाले तोवर गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललं नव्हतं. "सीलबंद असतं, बघायची गरज नाही" असं मला सर्व्हिसिंगला सांगितलं गेलं आणि मी ते सोयीचं म्हणून मानलं. दुसऱ्याच्या बागेत दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवा म्हणून ओरडणारा माणूस मी! शेवटी चांदवडच्या पुढे राहुड घाटात गाडीने मान टाकली. टो करून नाशिकला आणली.

पहिलं गॅरेज साडूंनी सुचवलं. नाव लिहीत नाही, साडूंचंही नाही. बावीस दिवसांनी गाडी मिळाली. सगळ्या क्लच प्लेटा नव्या, पॅकिंगचं किट नवं, जुन्या प्लेटा पिशवीत घालून हातात दिल्या. पिशवी बघून मला फार समाधान वाटलं होतं. सहा महिन्यांची वॉरंटी व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिली.

पोर्चमधल्या त्या संध्याकाळनंतर मी नीट लक्ष द्यायला लागलो. सकाळी गाडी एकदम गुळगुळीत. वीस-पंचवीस मिनिटं चालली, इंजिन-गिअरबॉक्स तापले, की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच सुटायची. म्हणजे आरपीएम उगाच चढणार, गाडी क्षणभर तरंगल्यासारखी, मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखा झटका. आडगावच्या पुढे हायवेला ऐंशीचा वेग धरला की काटा सतराशेवर असायचा, तो मधूनच चोवीसशेला जायचा आणि वेग तेवढाच.

पहिल्या गॅरेजला चार चकरा झाल्या. पहिल्यांदा सांगितलं, प्लेटा नव्या आहेत, हजार किलोमीटर चालली की बसतील. (घसरून घसरून बसणाऱ्या प्लेटा मी आजवर ऐकल्या नव्हत्या. घसरली की ती जळते, दुसरं काही होत नाही.) दुसऱ्यांदा तेल टॉप-अप. तिसऱ्यांदा सेन्सर. चौथ्यांदा "व्हॉल्व्ह बॉडी बदलावी लागेल, २८,००० होतील, ती वॉरंटीत येत नाही." (व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे कुठल्या प्लेटांना तेलाचा दाब द्यायचा ते ठरवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा.) दर वेळी मी सकाळी नऊला गाडी लावायचो, ते अकराला चक्कर मारायचे आणि म्हणायचे, शेठ, गाडी तर मस्त चालतेय. मस्तच चालणार! दोन तास उभी राहून गार पडलेली असायची.

चाचांचा पत्ता मला ओझरच्या एका द्राक्षवाल्याने दिला. त्याच्याकडे पाच एकराचं ठिबक मी बसवलंय, त्यामुळे तो मला फसवणार नाही याची खात्री. गॅरेज अंबड लिंक रोडच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. पाटी नाही. शटरवर ऑइलची जुनी जाहिरात आहे, तिचीही अर्धी अक्षरं उडालेली. बाहेर एक लिंबाचं झाड, त्याखाली दोन गाड्या धूळ खात. आत मात्र एक वेगळी खोली, काचेचा दरवाजा, आत स्टीलचं टेबल, त्यावर पांढरं कापड. मी त्या खोलीत चपला घालून शिरलो तर पोरगा ओरडला, "ओ भो, चपला बाहेर!" गॅरेजमध्ये चपला काढायला लावणारा हा पहिलाच. पुढे कळलं, गिअरबॉक्स उघडायचं काम फक्त तिथेच होतं, आणि एक केसाएवढा कचरा व्हॉल्व्हमध्ये गेला तरी तो अडकू शकतो.

चाचा साठीचे असतील. चष्मा दोरीला. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या शेठ, आधी बसा." आणि विचारायला लागले. गार असताना की गरम? पहिला कसा उठतो? दुसऱ्यातून तिसऱ्यात काटा चढतो की झटका आधी येतो? चौथ्यात ओढ कशी आहे? सहावा पडतो का?

मग म्हणाले, "रिव्हर्स कसा पकडतो?"

मी पोर्चची कथा सांगितली. चाचांनी मान हलवली आणि पोराला म्हणाले, चहा सांग. पहिल्या गॅरेजच्या चार चकरांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं, कारण मला वाटत होतं ते दोन वेगळे बिघाड आहेत.

चहा येईपर्यंत चाचांनी मला हाताची पाच बोटं दाखवून जे समजावलं, त्यासाठीच खरं तर हा सगळा मजकूर लिहायला घेतला. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये प्लेटांचे पाच गठ्ठे आहेत. काही फिरणारे क्लच, काही जागेवर धरून ठेवणारे ब्रेक, पण काम एकच. तेलाचा दाब आला की पिस्टन पुढे सरकतो आणि गठ्ठा आवळतो. प्रत्येक गिअरला यातले दोन गठ्ठे लागतात. चाचांनी अंगठा धरला. हा पहिला ते चौथा, चारही गिअरमध्ये आवळलेला असतो. तर्जनी चौथा, पाचवा, सहावा. करंगळी दुसऱ्यात आणि सहाव्यात. अनामिका पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये. उरलं मधलं बोट. ते तिसऱ्यात, पाचव्यात आणि रिव्हर्समध्ये.

"आता तुमची गाडी कुठे कुठे सुटते?"

तिसऱ्यात. हायवेला ऐंशीवर म्हणजे पाचव्यात. आणि पोर्चमध्ये.

मी त्या मधल्या बोटाकडे बघत राहिलो. अंगठा कच्चा असता तर पहिला-दुसराही सुटला असता. तर्जनी कच्ची असती तर चौथा आणि सहावा सुटला असता. पंप किंवा मुख्य दाबच कमी असता तर सगळेच कमी-जास्त घसरले असते. एकही नट न खोलता बिघाड पाचातल्या एका गठ्ठ्यापर्यंत आला होता. हे गणित प्रत्येक गिअरबॉक्सचं वेगळं असतं, तुमच्या गाडीला हीच बोटं लावू नका. पण तक्ता प्रत्येक मॉडेलचा असतो, आणि तुमच्या मेकॅनिकला तो माहीत आहे की नाही हे एका प्रश्नात कळतं.

चाचांनी गाडी लगेच घेतली नाही. म्हणाले, संध्याकाळी या, दिवसभर फिरवून, गरम आणा. संध्याकाळी स्कॅनर लावून आम्ही त्र्यंबक रोडने महिरावणीपर्यंत गेलो. पोरगा मागच्या सीटवर टॅब धरून. गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट आणि बाहेर पडणारा शाफ्ट, दोन्हींच्या फेऱ्या मोजणारे सेन्सर असतात आणि प्रत्येक गिअरला त्या दोन आकड्यांचं नातं ठरलेलं असतं. तिसरा पडताना बाहेरचा आकडा होता तसा, आणि आतला चारशेने उडाला. दोन-तीनदा असं झाल्यावर बिघाडाचा कोडही आला, पी-०७३३. म्हणजे तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. पहिल्या गॅरेजने "सेन्सर" म्हणून जो कोड पुसला होता तो हाच होता. मला बिलावर आकडा लिहून दिला होता, मीच वाचला नव्हता.

मी शहाणपणा करत म्हणालो, ब्रेक दाबून फुल रेस देऊन बघायचं का, पहिल्या गॅरेजला तसं करायचे. चाचा म्हणाले, "किती वेळा केलं?" चार-पाच वेळा असेल. त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. त्याला स्टॉल टेस्ट म्हणतात, ती पाच सेकंदांपेक्षा जास्त करायची नसते, मध्ये न्यूट्रलला टाकून तेल थंड होऊ द्यायचं असतं, आणि घसरतंय हे आधीच ठाऊक असेल तर करायचीच कशाला?

आता इथे माझं आणि चाचांचं थोडं वाजलं. बोट कळलंय तर उघडा की गिअरबॉक्स! पण चाचा म्हणाले, आधी तेल. मला ते पैसे काढायचं काम वाटलं. त्यांचं म्हणणं असं की तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, आणि फेसाने दाब बनत नाही. तसली गाडीही गरम झाल्यावर घसरू शकते. पाच हजारांत मिटणारी शंका सोडून पन्नास हजारांचं काम काढायचं नाही, हा त्यांचा नियम. या गिअरबॉक्सला तेल बघायची काडी नसते. गाडी सपाटीवर, इंजिन चालू, सगळ्या गिअरमधून एकेकदा दांडा फिरवायचा, तेलाचं तापमान स्कॅनरवर पन्नास ते साठ अंशांच्या मध्ये आलं की बाजूचा बोल्ट काढायचा. बारीक धार लागली तर पातळी बरोबर.

बोल्ट काढला. थेंबही नाही. धार लागेपर्यंत ९०० मिली तेल घालावं लागलं. म्हणजे "टॉप-अप" करूनही जवळजवळ लिटरभर कमी. मग ते तेल पूर्ण काढलं. थोड्याच दिवसांचं तेल, पण रंग उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखा, आणि वास जळक्या शेंगदाण्यांचा. तेल कुठलं घातलं होतं विचारलं तर माझ्या बिलावर नुसतं "ए.टी.एफ." (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) एवढंच. चाचांनी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं साडेचार लिटर घातलं. उघडून काढलं तरी निम्म्याहून थोडं जास्तच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि आत राहतं.

दोन दिवस गाडी बरी चालली. मला वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी वणीहून येताना पुन्हा तेच. चाचांना फोन केला तर त्यांना आनंदही नाही, वाईटही नाही. "आता हवा मारून बघू."

हवेची ती चाचणी मी शेडमध्ये उभं राहून पाहिली. गिअरबॉक्स अजून गाडीतच होता. बाजूचं कव्हर काढून व्हॉल्व्ह बॉडी उतरवली. कव्हरच्या आतल्या मॅग्नेटवर करडा चिखल, बोटावर घेतला तर उन्हात चमचम करणारा. व्हॉल्व्ह बॉडीच्या मागे केसिंगमध्ये भोकंच भोकं दिसतात. एकेक भोक म्हणजे एकेका गठ्ठ्याला तेल नेणारी पाइपलाइन. कॉम्प्रेसर तीन किलोवर लावला, नळीच्या तोंडाला रबर. चाचांनी पहिल्या भोकात हवा दिली: ठक्क. आत पिस्टन जाऊन आपटला. हवा थांबवली, पिस्टन परत. दुसरं भोक: ठक्क. तिसरं: फुस्स्स, आणि मग कुठेतरी खोल एक मेलेला ठप. पुन्हा दिली. फुस्स्स. पोराने मोबाइल बंद करून कान लावला. चौथं भोक पुन्हा खणखणीत ठक्क.

मला आता कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. माझा जन्म सबमेनवर (ठिबकच्या मोठ्या पाइपवर) गेलाय. शेवटच्या ड्रिपरला पाणी पोचत नाही म्हणून शेतकरी पंप बदलायला निघतो, आणि गळती असते मधल्या एका ग्रोमेटला (पाइपच्या भोकातल्या रबरी रिंगेला). सकाळी दाट असलेलं तेल ती फट कशीबशी झाकून धरत होतं. तापून पातळ झालं की सगळा दाब तिथून पळून जात होता. २८,००० ची नवी व्हॉल्व्ह बॉडी बसवली असती तर नव्याकोऱ्या व्हॉल्व्हमधून तेल त्याच फटीत गेलं असतं.

मग गिअरबॉक्स उतरवला. चौथ्या दिवशी चाचांनी बोलावलं, चपला काढून आत गेलो. पांढऱ्या कापडावर त्यांनी एक गोष्ट ठेवली होती. टेफ्लॉनची रिंग, कापलेल्या नखाएवढी जाड, रंगाने मळकट पांढरी. एका जागी कड सोलली गेली होती, बटाट्याचं साल काढताना चाकू घसरावा तशी. ज्या नळकांड्यावरून फिरत्या ड्रमला (प्लेटांच्या डब्याला) तेल जातं, त्याच्या खाचांमध्ये अशा रिंगा बसतात. ही मधल्या बोटाची.

कशी कापली गेली? टेफ्लॉनची रिंग खाचेत बसवायला ताणावी लागते, आणि ताणली की ती लगेच मूळ मापाला येत नाही. तिला दाबून, आवळून पुन्हा मापात आणायचं असतं, थोडा वेळ तसंच ठेवायचं असतं. नाही तर ती खाचेबाहेर डोकावते, आणि वरून ड्रम सरकवला की त्याची कड तिला कातरत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही, ड्रम मात्र थोडा घट्ट जातो. कारखान्यात यासाठी मापाचं हत्यार असतं. चाचा कोल्ड्रिंकच्या बाटलीची पट्टी कापून रिंगेभोवती गुंडाळतात, त्यावर होज क्लॅम्प हलका आवळतात आणि चहा प्यायला जातात. परत येईपर्यंत रिंग मापात. मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे घाईत टेकऑफ (ग्रोमेटमध्ये बसणारा नळीचा जोड) ठोकला की ग्रोमेटची कड अशीच कापली जाते, आणि तो पोरगाही म्हणतो, बसला की नीट.

प्लेटांची अवस्था सांगायला नको. घर्षणाचा थर काळा कुळकुळीत, नखाने निघणारा. मधल्या स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग, तवा फार तापल्यावर पडतात तसे. चार हजार किलोमीटरही न चाललेल्या. बाकीचे चार गठ्ठे ठीक होते, त्यांच्या प्लेटा चाचांनी बदलल्या नाहीत, नुसत्या तपासल्या आणि फटी मोजल्या. "बदलू का?" असं विचारून पैसे लावता आले असते. लावले नाहीत.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा जास्त लागली. त्यांनी ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या उलट्या बाजूने धुतल्या, बाहेर येणारं पांढऱ्या फडक्यावर घेतलं. फडक्यावर चंदेरी भुकटी. ही राहुड घाटात गेलेल्या पहिल्या प्लेटांची, म्हणजे पहिल्या ओव्हरहॉलच्या वेळी कूलर धुतलाच नव्हता. ८५,००० चं काम करून जुना कचरा नव्या गिअरबॉक्समध्ये परत सोडला होता. आम्ही नवं ठिबक जोडायच्या आधी एंड कॅप काढून पाइप फ्लश करतो, हे दिंडोरीतल्या नवख्या पोरालाही माहीत असतं. टॉर्क कन्व्हर्टरही आतून धुता येत नाही, कापून उघडावा लागतो. तो मुंबईला पाठवला, त्यात आठवडा गेला.

जोडणी मी पूर्ण पाहिली नाही, दुकान होतं. दोन गोष्टी पाहिल्या. नव्या प्लेटा रात्रभर तेलाच्या पातेल्यात बुडवून ठेवल्या होत्या, अगदी डाळ भिजत घालावी तशा. कोरड्या लावल्या तर पहिल्या आवळण्यालाच करपतात. आणि कन्व्हर्टर बसवताना चाचा तो दोन्ही हातांनी हळूहळू फिरवत आत ढकलत होते. एक टप्पा, दुसरा टप्पा, शेवटचा टप्पा आला की ते पट्टी लावून खोली मोजतात. तो शेवटचा टप्पा न घेता बोल्ट आवळले तर पंपाचाच चुरा होतो.

गाडी सुरू झाल्यावर स्कॅनरने गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसली. जुन्या, झिजलेल्या प्लेटांना किती दाब द्यायचा ते त्याने लक्षात ठेवलेलं असतं, तेच नव्यांना दिलं तर झटके येतात. मग रिकाम्या रस्त्यावर हलक्या पायाने थांबा-निघा, थांबा-निघा, सहाही गिअर, पंधरा-वीस वेळा. सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिकमध्ये सध्या रिकामा आणि न उकरलेला रस्ता शोधणं हेच खरं कौशल्य. पहाटे साडेपाचला गेलो. पहिल्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्यात थोडा झटका होता, तिसऱ्या दिवसापर्यंत गेला.

खर्च सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. पहिलं तेल आणि तपासणी ५,६००. उतरवणं, जोडणं, कूलर धुणं, मजुरी २२,०००. प्लेटा, रिंगा, पॅकिंग, फिल्टर १९,५००. कन्व्हर्टर १४,०००. पुन्हा सात लिटर तेल ६,५००. एकूण ६७,६००. आधीचे ८५,००० धरले तर दीड लाखाच्या वर गेले. रिंग घेऊन मी पहिल्या गॅरेजला गेलो होतो. "ही तुम्ही नंतर कापली नाही कशावरून?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून सांगतो, दुसऱ्याकडे गिअरबॉक्स उघडायचा असेल तर पहिल्याला लेखी कळवा, बोलवा, उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नाही. साडू सध्या माझ्यासमोर गाड्यांचा विषय काढत नाहीत.

आता चाचांच्या तक्रारी. तारीख देत नाहीत. "होईल तेव्हा होईल" हे उत्तर तेरा दिवस ऐकायचं. फोन दहातून तीनदा उचलतात. पक्कं बिल मागितल्यावर दोन दिवसांनी मिळालं, तेही पोराच्या अक्षरात. एकावेळी तीनच गिअरबॉक्स घेतात, त्यामुळे रांग असते. माझ्या गाडीची वायपरच्या पाण्याची नळी जोडायची राहिली होती, ती घरी आल्यावर कळली. गेलो तेव्हा पाच मिनिटांत लावली, पण राहिली ती राहिलीच. वॉरंटी वर्षभर किंवा २०,००० किलोमीटर, ही मात्र बिलावर छापून, तेलाची ग्रेडही लिहून. आणि ४०,००० किलोमीटरला तेल बदलायला या, असं मोठ्या अक्षरात.

मारुती, टोयोटा, कुठलीही टॉर्क कन्व्हर्टर गाडी घेतात. ड्युअल क्लच (दोन क्लचवाली वेगळ्या प्रकारची ऑटोमॅटिक) घेत नाहीत, "ते माझं काम नाही" असं तोंडावर सांगतात. मला हे आवडलं.

आत्तापर्यंत ६,४०० किलोमीटर झाले. भर दुपारी लॅटरलची दहा बंडलं टपावर घेऊन नांदुरीवरून सप्तशृंगी गड चढवला, राहुड घाट दोनदा झाला, कसारा एकदा. तिसरा कधी पडतो ते कळतही नाही.

जायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर जा, गाडी तास-दीड तास फिरवून गरम करूनच न्या. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच बंद असतं. काय होतंय ते कागदावर लिहून न्या: कुठल्या गिअरमध्ये, गार की गरम, चढावर की सपाटीला. रिव्हर्सचं आधीच लिहा. पायात चांगले मोजे घाला, ती आतली फरशी थंडीत फार गार लागते.